झाड धावले!

झाड कधी धावते का? १९७९ च्या सुमारास अमेरिकेतील मायामी येथे पोलिसांच्या रडारने ताडासारख्या एका झाडाचा वेग ताशी ८६ मैल दाखवला. एक घरही ताशी २८ मैल वेगाने ‘पळत’ होते! दंड झालेले वाहनचालक न्यायालयात गेले. १९७९ मध्ये न्यायाधीशांनी रडारचा पुरावा मानला नाही.

मुलांनो, असे का होते? रडार रेडिओ लहरी सोडते. समोरून येणाऱ्या गाडीवर आपटून त्या परततात, तेव्हा त्यांची कंपनसंख्या किंचित वाढलेली असते. त्यावरून वेग कळतो. पण ही वाढ किती? सेकंदाला सुमारे २४ अब्ज कंपने असली, तर ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीमुळे जेमतेम २,७०० ची भर पडते!

असे नाजूक यंत्र सहज फसते. पोलिसांच्या गाडीतला पंखा फिरत असला, तर रडार कधी कधी त्याच्या पात्यांचाच वेग दाखवते. जवळच्या वायरलेस संचामुळेही आकडा चुकतो. लहान मोटारीमागे मोठा ट्रक असला, तर ट्रकवरून लहरी जोरात परततात. मग वेग ट्रकचा आणि दंड मोटारवाल्याला!

रडार तपासण्यासाठी पोलीस त्याच्यासमोर नादकाटा वाजवून धरतात. ठरलेला आकडा आला, तर यंत्र ठीक. पण पंखा चालू आहे, हे नादकाटा सांगत नाही. तो पोलिसालाच आठवणीने बंद करावा लागतो.