धान्य गोदामाची जमीन : देखभाल आणि दुरुस्ती

सुगी झाली, मका-सोयाबीन वाळवून गोदामात आला, की बहुतेक शेतकरी बंधू निश्चिंत होतात. पत्रा, भिंत, कुलूप यांकडे लक्ष असते. पोती ज्या जमिनीवर उभी राहतात तिच्याकडे मात्र कोणी पाहत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या मक्याच्या पट्ट्यात अलीकडे गटांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी गोदामे बांधली आहेत. अशाच एका गोदामात तळाच्या थराची पोती उचलताना मी हजर होतो. वरचा मका चांगला होता. खालच्या पोत्यांचे तळ काळे पडले होते आणि दाणे एकमेकांना चिकटले होते. पत्रा कोठेही गळत नव्हता. ओल जमिनीतून आली होती. बुरशी लागलेल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते, त्यामुळे असा माल कोंबडीखाद्यासाठीही घालू नये.

त्या गटाने नंतर औद्योगिक वसाहतीतल्या एका ठेकेदाराकडून इपॉक्सी लेपाचा भाव आणला होता. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांत अशी गुळगुळीत, चकचकीत जमीन सर्रास दिसते. मी नको म्हणालो. कारण साधे आहे. ओल्या कोब्यावर असा लेप दिला, तर खालची वाफ त्याला उचलते, फोड येतात आणि काही महिन्यांत पोपडे सुटतात. दूध संकलन केंद्रात किंवा फळप्रक्रिया शेडमध्ये इपॉक्सीचा उपयोग आहे, कारण दुधातील व फळांतील आम्ल सिमेंट खाते. पोत्यांच्या गोदामाला चांगला, कोरडा कोबा पुरतो.

म्हणून खर्चाआधी परीक्षा करावी. साधारण दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात. एक दिवस-रात्र थांबून पाहावे. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूस थेंब आले किंवा कोबा काळपट झाला, तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब वरच्या बाजूस असतील, तर तो हवेतील दमटपणा आहे. तेथे वायुवीजन सुधारावे. ही परीक्षा तीन-चार ठिकाणी करावी आणि पावसाळ्यातही करावी. मे महिन्यात सगळीच गोदामे कोरडी असतात.

आपल्या भागातील भेगांचे मूळ बहुधा काळ्या जमिनीत असते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा कोबा आपल्याबरोबर हलवते. भेगेवर आडवी पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहून ठेवावी. मे आणि सप्टेंबरमध्ये रेघेची दोन टोके सरकलेली दिसली, तर भेग जिवंत आहे. तीत सिमेंट भरणे म्हणजे सिमेंट वाया घालवणे. डांबरी किंवा रबरासारखे लवचिक भरण वापरावे. त्याचबरोबर गोदामाच्या चारी बाजूंनी बाहेर उतार असलेला पट्टा व गटार करावे, पत्र्याचे पाणी पायथ्याशी साचू देऊ नये. नवे गोदाम बांधणाऱ्यांनी काळी माती काढून मुरूम भरावा, थराथराने पाणी मारून धुम्मसाने दाबावा आणि कोब्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरावे. नंतरच्या कोणत्याही लेपापेक्षा या प्लॅस्टिकाची किंमत कमी असते.

दुसरी तक्रार भुकटीची. झाडू मारला की राखाडी धूळ उठते, ती धान्यात मिसळते. हा दोष गवंडी घोटाई करत असतानाच तयार होतो. माल पातळ केला, वर आलेल्या पाण्यावर कोरडे सिमेंट भुरभुरवून घोटले, किंवा दोन दिवसांत पाणी मारणे थांबवले, की वरचा पापुद्रा कमकुवत राहतो. ५० किलोच्या एका पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पुरते आणि वाळूतील ओलही त्यातच धरावी. काम सोपे जावे म्हणून गवंडी आणखी एक बादली ओततो, तेथे मालकाने उभे राहावे. भुकटी कमी असेल, तर कोबा धुऊन, वाळवून सोडियम सिलिकेट (वॉटर ग्लास) एकास चार भाग पाण्यात मिसळून एक-एक दिवसाच्या अंतराने तीन हात द्यावेत. हातमोजे घालावेत.

खड्डे बुजवताना नुसता पातळ गिलावा लावू नये. कडेला तो कागदासारखा सुटतो. छिन्नीने खड्ड्याच्या कडा उभ्या, निदान एक इंच खोल कराव्यात, तळ टाचून खरबरीत करावा, धुऊन ओला करावा, पण पाणी साचलेले नको. सिमेंटची स्लरी लावून ती ओली असतानाच बारीक खडीचा माल भरावा आणि किमान ७ दिवस, उन्हाळ्यात १० दिवस, ओले पोते टाकून ठेवावे. जुन्यावर नवे का टिकते, हे आपल्या आयाबायांना ठाऊक होते. खळे करताना जमीन ओली करून, बैलांकडून तुडवून घेत आणि मग सारवत. खाली-वर एकच जात, आणि सुकण्यापूर्वी पुढचा हात. मात्र सिमेंटच्या कोब्यावर शेण सारवू नये. ते सुटते आणि ओल धरते.

भेगा बुजवण्याचे आणखी एक कारण आहे. खपरा भुंगेऱ्याच्या अळ्या फटींत सुप्तावस्थेत राहतात आणि खाद्याशिवायही दीर्घकाळ जगतात. गोदाम रिकामे दिसते, पण नव्या मक्याची वाट पाहणारे आत बसलेले असतात. त्यामुळे साफसफाई व शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी भेगांत नीट पोहोचली पाहिजे. ताज्या सिमेंटवर मॅलेथिऑन लवकर निष्प्रभ होते, कारण सिमेंट अल्कधर्मी असते. दुरुस्ती पुरती सुकल्यावरच फवारणी करावी.

शहाबादी फरशी असलेल्यांनी ती आम्लाने धुऊ नये. तो चुनखडीचा दगड आहे, फेस येऊन पृष्ठभाग झिजतो.

वेळेचे गणितही सांगतो. सिमेंटच्या दुरुस्तीला गहू-हरभरा उचलल्यानंतरचा पावसाळ्याचा काळ बरा, पाणी मारण्याचा त्रास वाचतो. इपॉक्सी द्यायचाच असेल, तर नव्या कोब्याला किमान २८ दिवस झाल्यावर, कोरड्या एप्रिल-मे महिन्यात. कोणतेही काम झाले तरी पोती थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दोन फूट अंतर सोडून रचावीत, आणि मका गोदामात आल्यावर पंधरा दिवसांनी तळाच्या पोत्यात हात घालून पाहावा.