कल्पक, तरीही अव्यवहार्य : काही प्रायोगिक बंदुकांच्या अपयशाची मीमांसा

तंत्रविद्येच्या इतिहासात यशस्वी शोधांचीच नोंद ठळकपणे घेतली जाते. जे टिकले ते सर्वोत्तम होते म्हणूनच टिकले, असा समज त्यातून रूढ होतो आणि आपल्या अध्यापनातूनही तो नकळत पुढे जातो. शस्त्रांच्या क्षेत्रात हा समज कितपत खरा आहे? प्रस्तुत लेखात युरोप व अमेरिकेतील चार बंदुकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. या चारही बंदुकांमागील कल्पना आपापल्या काळाच्या पुढे होत्या. परंतु त्यांपैकी एकही रुजली नाही.

लंडनमधील वकील जेम्स पकल याने 1718 मध्ये तिवईवर बसविलेल्या एका बंदुकीचे पेटंट घेतले. एकच नळी आणि तिच्यामागे हाताने फिरविण्याचा, अनेक खाने असलेला दंडगोल, अशी तिची रचना होती. ख्रिस्ती शत्रूसाठी गोल आणि तुर्कांसाठी चौकोनी गोळ्या वापराव्यात, अशी तरतूद त्या पेटंटात होती. तत्कालीन युरोपच्या मानसिकतेवर याहून बोलके भाष्य क्वचितच सापडेल! 1722 च्या प्रात्यक्षिकात या बंदुकीने भर पावसात 7 मिनिटांत 63 बार काढले. साध्या बंदुकीतून सामान्य सैनिक मिनिटाला दोन-तीन बार काढत असे, हे लक्षात घेता ही कामगिरी विलक्षण होय. तथापि गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी पेटवणी बेभरवशाची होती आणि एवढे बारीक, अचूक सुटे भाग मोठ्या संख्येने घडविण्याची क्षमता त्या काळच्या कारागिरीत नव्हती. कल्पना होती, तिला पेलणारा कारखाना नव्हता.

जिरांदोनीची हवेची बंदूक याहून पुढे गेली. ऑस्ट्रियाच्या सैन्याने ती 1780 च्या सुमारास प्रत्यक्ष स्वीकारली. तिच्या दस्त्यातच दाबलेल्या हवेची टाकी असे. धूर नाही, मोठा आवाज नाही आणि ओळीने सुमारे 20 गोळ्या, हे तिचे गुण. पण एक टाकी भरण्यासाठी हातपंपाचे सुमारे 1500 दट्टे मारावे लागत. टाकी नाजूक, तिची चामडी वायसरे सतत ओली ठेवावी लागत आणि दुरुस्तीसाठी खास प्रशिक्षित कारागीर हवा. रणांगणावर हे सारे कोठून आणावे? 1815 च्या सुमारास ती सैन्यातून बाद झाली.

विसाव्या शतकातील 'जायरोजेट' हे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. कॅलिफोर्नियातील एमबी असोसिएट्स या कंपनीचे रॉबर्ट मेनहार्ट व आर्ट बील यांनी 1960 च्या दशकात गोळीऐवजी चक्क छोटे अग्निबाण सोडणारे पिस्तूल तयार केले. 13 मि.मी. व्यासाच्या या बाणाच्या बुडाशी तिरकी छिद्रे असत. त्यांतून निघणारा वायू बाणाला पुढे ढकलतो आणि स्वतःभोवती फिरवतोही. नळीत दाब जवळजवळ निर्माण होत नसल्याने पिस्तूल हलके व स्वस्त बनविता येई आणि त्याचा धक्काही नगण्य असे. घोडा बाणाच्या टोकावर आघात करून त्याला मागील सुईवर ढकलत असे आणि पुढे निघालेला बाणच जाताजाता घोडा पुन्हा चढवीत असे. ही योजना पाहून अभियंत्याला आनंदच व्हावा.

दोष नेमका याच गुणात दडलेला होता. सामान्य गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हाच तिचा वेग सर्वाधिक असतो. अग्निबाणाचा वेग मात्र इंधन जळत जाते तसा वाढतो. परिणामी अगदी जवळच्या शत्रूवर, म्हणजे पिस्तुलाची खरी गरज असते तेथेच, त्याचा प्रभाव सर्वात कमी. एखादे छिद्र किंचित जरी बुजले तरी नेम चुके. शिवाय पिस्तूल स्वस्त असले तरी दारूगोळा महाग होता. बंदूक एकदाच विकत घ्यावी लागते, काडतुसे मात्र आयुष्यभर. बंदूक ही एकटी वस्तू नसून काडतूस, कारखाना, पुरवठा आणि प्रशिक्षण यांच्या साखळीतील ती केवळ एक कडी आहे, हे येथे स्पष्ट दिसते.

ही साखळी किती बळकट असते, याचा प्रत्यय जर्मनीच्या हेक्लर अँड कोखने बनविलेल्या 'जी-11' रायफलीने दिला. हिच्या 4.73 मि.मी.च्या काडतुसाला पितळी पुंगळी नव्हती. दाबून घट्ट केलेल्या स्फोटक द्रव्यातच गोळी बसविलेली असे. वजन घटल्याने सैनिकाला अधिक गोळ्या बाळगता येत. मात्र पितळी पुंगळी बाहेर फेकली जाताना बरीच उष्णता सोबत नेते. ती नसल्याने तापलेल्या कोठीत काडतूस आपोआप पेट घेऊ लागले. त्यावर उच्च तापमानालाच पेटणारे द्रव्य शोधून उपाय करण्यात आला. म्हणजे येथे तांत्रिक अडचण जवळपास सुटली होती. तरीही 1990 मध्ये जर्मनीचे एकीकरण झाले, शीतयुद्ध ओसरले आणि एवढ्या खर्चिक बदलाचे कारणच उरले नाही. त्याच सुमारास अमेरिकेने घेतलेल्या चाचण्यांतही कोणतीच नवी रायफल प्रचलित एम-16 पेक्षा अपेक्षेइतकी सरस ठरली नाही. नाटो राष्ट्रांनी 1980 मध्ये 5.56 मि.मी.चे काडतूस प्रमाण मानले होते. पुढे जर्मन सैन्याने जुन्या रायफलीच्या जागी जी-36 आणली, ती याच पितळी काडतुसाची.