चांदीच्या रुपयांच्या हजार मालगाड्या

दहा माणसं. फक्त दहा! १९०४ साली इंग्रज सरकारने सहकारी पतसंस्थांचा कायदा केला, तेव्हा संस्था काढायला एवढीच माणसं लागत. एका गावातले किंवा एका शहरातले दहा जण जमा, नोंदणी करा, लागा कामाला. आमच्या नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात मेथीच्या एका ढिगाभोवती याहून जास्त गिऱ्हाईक असतं. या दहापासून निघू आणि कुठवर पोचतो ते बघू. राजेहो, जरा सावरून बसा, पुढे शून्यं फार आहेत.

पहिला मुक्काम मुंबई, साल १९०६. कानडा किनाऱ्यावरची सारस्वत कुटुंबं पोटापाण्यासाठी इथे येत होती. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला अजून ९१ वर्षं होती, तेव्हा प्रवास आगबोटीचा. शहर अनोळखी, बोली वेगळी, पगार कारकुनाचा. घरात आजारपण आलं किंवा मुलीचं लग्न ठरलं की सावकाराचा दरवाजा. याच समाजातले शामराव विठ्ठल कैकिणी मुंबईत वकिली करत आणि गरजूंच्या पाठीशी उभे राहत. ते गेल्यावर त्यांचे शिष्य श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी गुरूचं स्मारक करायचं ठरवलं. पुतळा नाही, तसबीर नाही. २७ डिसेंबर १९०६ रोजी त्यांनी एक पतसंस्था काढली आणि तिला नाव दिलं शामराव विठ्ठल. ‘बचत करा, एकमेकांना कर्ज द्या, एकमेकांना जामीन राहा’ एवढाच तिचा मंत्र. तालमकी पुढे रावबहादूर झाले. त्यांच्याच पुढाकाराने १९१५ साली गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, आणि ताडदेवची तालमकीवाडी आजही त्यांचं नाव सांगते.

आता त्या काळचा एक रुपया हातात घ्या. चांदीचा. एका बाजूला बिनमुकुटाचा राजा सातवा एडवर्ड. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. सोनार त्यालाच वजन म्हणून वापरायचे. रुंदी साडेतीस मिलिमीटर. फरशीवर टाकला की खणकन वाजणार. असे शंभर रुपये पतसंस्थेने एका कारकुनाला दिले असं धरा. वर्षभरात त्याने ते फेडले. तेच शंभर दुसऱ्या वर्षी दुसऱ्याला. तिसऱ्या वर्षी तिसऱ्याला. १९०६ पासून २००५ पर्यंत तेच शंभर रुपये शंभर घरांत जाऊन आले! कुणाची फी भरली, कुणाचं बाळंतपण निभावलं, कुणाचं शिवणयंत्र आलं. व्याज अजून मोजलंच नाही. सावकाराचे शंभर एकदा गेले की व्याजासकट सावकाराच्याच तिजोरीत परततात. इथले शंभर परततात ते शेजाऱ्यासाठी.

आणि आता उडी मारू. त्या पतसंस्थेची आज एसव्हीसी बँक झाली आहे. जवळपास दोनशे शाखा. ठेवी आणि कर्जं मिळून व्यवसाय ३० हजार कोटी रुपयांच्या वर. लिहून बघा: तीनावर अकरा शून्यं. डोळे फिरतात, म्हणून हे सगळे रुपये तालमकींच्या काळातल्या चांदीच्या रुपयांत मोजू. आजचा रुपया तेव्हाच्या रुपयाच्या पासंगालाही पुरत नाही हे खरं, पण मोजायची गंमत का सोडायची?

आधी विहीर घ्या. आपल्याकडच्या संत्र्याच्या बागेतली, वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल. तिच्यात रुपये ओतायला लागा. लाखाने नुसता तळ झाकला जातो. कोटीने जेमतेम अडीच फूट चढतं. काठोकाठ भरायला लागतात साधारण १७ कोटी. आणि आपल्याला ओतायचे आहेत ३० हजार कोटी. म्हणजे पावणेदोन हजार विहिरी! एकामागून एक, तोंडापर्यंत चांदीने भरलेल्या.

आता वजन. ३० हजार कोटी तोळे म्हणजे ३५ लाख टन. कोराडीच्या वीज केंद्राला कोळसा नेणारी लांबलचक मालगाडी साधारण साडेतीन हजार टन ओढते. अशा किती लागतील? एक हजार! एक गाडी साडेसहाशे मीटर लांब धरली आणि हजार गाड्या बफरला बफर लावून उभ्या केल्या तर रांग ६५० किलोमीटर. इंजिन नाशिक रोडला, शेपूट नागपूर स्टेशनात. आणि एवढी चांदी आणायची कुठून? माणसाने आजवर पृथ्वीच्या पोटातून जेवढी चांदी खणून काढली, ती सगळी मिळून १७-१८ लाख टनांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. आपल्या मालगाड्यांना हवी आहे जवळपास दुप्पट. पृथ्वीवरची चांदी संपली, पतसंस्थेचा हिशेब संपला नाही!

तोंडाचा आ वासलाय ना? तसाच ठेवा. ही झाली आकाराने धाकटी. १९१८ साली मुंबईतच आणखी एक संस्था निघाली, सारस्वत. ती आज देशातली सर्वांत मोठी नागरी सहकारी बँक आहे आणि तिचा व्यवसाय ८० हजार कोटींच्या वर गेला आहे. आता चांदी पुरे, पाचशेच्या नोटा घेऊ. ८० हजार कोटींच्या नोटा होतात १६० कोटी. कोऱ्या नोटांची थप्पी लावून आडवी ठेवली तर लांबी भरते १६० किलोमीटर. मुंबईहून एक्स्प्रेस-वेने पुणं गाठलं तरी थप्पी शिल्लक. आपल्या हिशेबात सांगायचं तर सक्करदऱ्याहून निघून अमरावती. लक्षात घ्या, ही नोटेची लांबी नव्हे, जाडी! त्याच नोटा टोकाला टोक लावून पसरल्या तर पृथ्वीला सहा फेरे.

बरं, मोजायला बसवा एखाद्या कॅशियरला. सेकंदाला एक नोट, दिवसाचे आठ तास, रविवार नाही, दिवाळी नाही, चहा नाही. १६० कोटी नोटा मोजायला त्याला लागतील १५२ वर्षं. आज शेवटची नोट मोजून उठायचं असेल, तर १९०४ चा कायदा होण्याच्या कितीतरी आधी, तालमकींची संस्था कुणाच्या डोक्यातही नसताना, त्याला पहिली नोट उचलावी लागली असती.

आता समुद्र ओलांडू. १९०७ साली बोस्टनचा दुकानदार एडवर्ड फाइलीन हिंदुस्थानात आला. बंगालच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या पतसंस्था त्याने पाहिल्या आणि भारावून गेला. परत जाऊन त्याने अशा संस्थांचा पाठपुरावा केला. १९०९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात कायदा झाला. पुढे प्रसाराचं काम त्याने रॉय बर्जेनग्रेन या वकिलावर सोपवलं. त्याआधीच, १९०८ साली, न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टर गावात कॅनडाहून आलेल्या गिरणी कामगारांची पतसंस्था निघाली होती. तिचा कारभार चाले जोसेफ बोइव्हिन या वकिलाच्या राहत्या घरातून. गाव सोडून आलेली माणसं, गिरण्यांचं शहर आणि एक वकील. मुंबईत काय, मँचेस्टरात काय, साहित्य तेच!

या कामगारांना वाट दाखवणारा अल्फोन्स देजार्दां कॅनडातल्या लेव्ही गावचा. संसदेतली भाषणं टिपून घेणं ही त्याची नोकरी. त्याची पतसंस्था जानेवारी १९०१ मध्ये उघडली, तेव्हा पहिल्या दिवशी जमा झाले २६ डॉलर ४० सेंट. आज त्या देजार्दां समूहाची मालमत्ता ४०० अब्ज कॅनडियन डॉलरांच्या पुढे आहे. भागाकार करा. दीड हजार कोटी पट! एकाचे दोन नव्हे, एकाचे पंधराशे कोटी. ही किमया एकट्या व्याजाची नाही. रोज कुणीतरी नवा माणूस येऊन दोन पैसे टाकत राहिला, शंभर वर्षांहून जास्त काळ.

आणि अशी माणसं आज जगात किती? अमेरिकेतच चौदा कोटी. शंभराहून अधिक देशांत मिळून सुमारे ४० कोटी सभासद! २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर होतं २४ लाखांचं. म्हणजे हे सभासद वसवायला अशी १६७ नागपुरं लागतील. मुंबईच्या लोकलमध्ये बसवायचं तर दरवाज्याला लोंबकळणारे धरून गाडीला पाच हजार. अशा ८० हजार गाड्या. मध्य आणि पश्चिम रेल्वेने दिवसभरातल्या सगळ्या, तीन हजारांवर फेऱ्या फक्त यांच्यासाठी राखल्या, तरी शेवटचा सभासद घरी पोचायला पंचवीस दिवस!

आता या सगळ्यांना हात पसरून, एकमेकांचे हात धरून उभं करा. माणशी दीड मीटर. साखळी सहा लाख किलोमीटरची. पृथ्वीला पंधरा वेढे घालून पुरते. सरळ वर सोडली तर सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरचा चंद्र गाठते, आणि तरी दोन लाख किलोमीटर माणसं उरतात. आणि खरा चमत्कार पुढेच आहे. या साखळीत कुणाचा शेअर दहा रुपयांचा, कुणाचा लाखाचा. कुणी भाजी विकतं, कुणी वकिली करतं. पण वार्षिक सभेत हात वर करायची वेळ आली की लाखवाल्याचं मत एक आणि दहावाल्याचंही एकच. पैसा कितीही मोजा, सभेत मोजली जातात ती माणसं: एक, एक, एक, चाळीस कोटी वेळा एक!