पानी का माह्या बापाचं हाय?

अकोल्यातला मे महिना बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. पारा ४५च्या वर गेला की दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशाच एका दुपारी मूर्तिजापूर रोडवर पंक्चरच्या दुकानापाशी मी थांबलो होतो. कडुनिंबाखाली दोन रांजण, त्यांना गुंडाळलेलं ओलं गोणपाट, झाकणाला साखळीनं बांधलेला स्टीलचा गिलास. राजस्थानची पाटी असलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, तीन गिलास पाणी प्यायला, चौथा डोक्यावर ओतला आणि निघून गेला. दुकानदारानं ट्यूबवरची नजर वर केली नाही. नळ रोज येत नाही, म्हणून हा माणूस सकाळी सायकलला दोन कॅन अडकवून लांबच्या हापशीवरून पाणी आणतो, रांजण घासतो, भरतो. का करता हो हे, असं मी विचारलं.

"पानी का माह्या बापाचं हाय?"

उत्तर टाळाटाळीचं वाटलं. पण 'का करता' या माझ्या प्रश्नानं जगभरातल्या शास्त्रज्ञांना साठ वर्षं छळलं आहे. १९६४मध्ये विल्यम हॅमिल्टन यांनी रक्ताच्या नात्याचा हिशेब मांडला: नातेवाइकाला वाचवलं तर आपलाच अंश पुढे जातो, म्हणून निसर्गात त्याग टिकतो. १९७१मध्ये रॉबर्ट ट्रायव्हर्स यांनी परतफेडीचा हिशेब जोडला. तो आपल्याला नवा नाही. प्रत्येक घरात लग्नातल्या आहेराची वही असते. कुणी किती घातले ते पाहून त्यांच्याकडच्या कार्यात तेवढेच, वर अकरा रुपये. सावडीनं पेरणी-निंदण करणारे शेतकरीही हाच हिशेब जाणतात.

पण राजस्थानचा तो ड्रायव्हर कुठल्याच वहीत नाही. तो परत येणार नाही, आला तरी ओळखणार नाही. दोन्ही हिशेब रांजणापाशी येऊन अडतात.

अशीच वहीबाहेरची मदत आयुष्यभर केलेला एक पोरगा मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी, गुरं राखत वाढला. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बाप दारूनं गेला, मामाची जमीन सावकारानं गिळली. १९०५मध्ये डेबूजीनं घर सोडलं. पुढे अंगावर चिंध्या आणि हातात फुटकं गाडगं पाहून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबांच्या दशसूत्रीचे फलक आपण इतके पाहिले आहेत की त्यांची कामाची रीत नजरेआड झाली आहे. पूर्णाकाठच्या ऋणमोचनाला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. नदीचा काठ उभा आणि चिकणमातीचा. अंघोळ करून ओलेत्यानं वर चढणारी माणसं, विशेषतः लेकुरवाळ्या बाया, घसरून पडत. हजारो लोक दर वर्षी ते पाहत होते. बाबांनी काठ खणून पायवाट केली. पुढे तिथे घाट झाला. गावोगावी क्रम तोच. गावात शिरायचं, कुणाला काही न सांगता खराटा चालवायला लागायचं. लोक आधी वेडा समजून हसायचे, मग कुणीतरी टोपलं आणायचं, मग फावडं यायचं. कीर्तन रात्री. भाकर मागायची ती आधी काम करून.

या क्रमात काय दडलं आहे हे कळायला मला न्यूयॉर्कमधला एक प्रयोग वाचावा लागला. जॉन डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८मध्ये विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलतं केलं. बोलता बोलता एकाला झटका आल्याचा आवाज येई. आवाज आधीच टेप केलेला. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के तो बोलत असतानाच मदतीला उठले. आणखी चौघं ऐकत आहेत असं वाटणाऱ्यांत उठले ३१ टक्के. ही माणसं निर्दय नव्हती, हात थरथरत बसून होती. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वाट्याला फारच थोडी आली. याला आपल्याकडे बारभाईची खेती म्हणतात.

गर्दी म्हणजे दगड, असा मात्र निष्कर्ष काढू नये. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. आणि बघे जितके जास्त, तितकी कुणीतरी पुढे येण्याची शक्यता जास्त. म्हणजे सगळा खेळ पहिल्या माणसाचा. बाबांनी आयुष्यभर तो पहिला माणूस होण्याचं काम केलं. खराटा हातात घेतला की बारभाईतला एक भाई ठरून जाई आणि बाकीच्यांना नुसतं बघत राहणं अवघड होई.

हॅमिल्टन यांचा हिशेब तर बाबांनी उलटाच फिरवला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे त्यांच्या खटपटीतून धर्मशाळा उभ्या राहिल्या; स्वतःच्या बायकामुलांना त्यांत थारा दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. पाया पडायला कुणी वाकलं तर पाठीत काठी. आता त्यांच्या पत्नी कुंताबाईंच्या बाजूनं पाहिलं तर हा हिशेब मला जड जातो. जगाचा संसार करणाऱ्याच्या घरचा संसार दुसऱ्या कुणीतरी ओढलेला असतो, आणि तिची पुण्यतिथी होत नाही.

दुसरी तक्रार आपल्या सगळ्यांविषयी. एखाद्याला संत म्हटलं की आपण सुटतो. ते मोठे, आपण संसारी. प्रयोग या पळवाटेला आधार देत नाहीत. १९७३मध्ये डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षणाच्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत पाठवलं. वाटेत दारात एक माणूस कण्हत पडलेला. ज्यांना उशीर झाल्याचं सांगितलं होतं त्यांतले १० टक्के थांबले, सवड असलेल्यांतले ६३ टक्के. काही जण तर परोपकाराच्याच बोधकथेवर बोलायला निघाले होते. त्यानं विशेष फरक पडला नाही. फरक घड्याळानं पाडला.

याच बॅट्सन यांनी पुढे विचारलं की माणूस दुसऱ्याचं दुःख बघवत नाही म्हणून मदत करतो, की त्या दुसऱ्यासाठी? त्यांची युक्ती साधी होती: उठून जायची वाट मोकळी ठेवायची. ज्यांना नुसती अस्वस्थता होती ते निघून गेले. ज्यांना समोरच्याविषयी कळवळा होता ते जाण्याची मुभा असूनही थांबले. कुष्ठरोगाच्या बाबतीत आपल्या समाजानं ही मोकळी वाट शतकानुशतकं वापरली: रोग्यालाच गावाबाहेर काढलं की दिसत नाही आणि टोचत नाही. अमरावतीत होमिओपॅथीचा व्यवसाय करणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन, सगळ्यांचे दाजीसाहेब, या वाटेनं गेले नाहीत. १९४६मध्ये त्यांनी शहराबाहेरच्या माळावर कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभं केलं. बाबा आमटे यांचं आनंदवन महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. तपोवन त्याच्या आधीचं, हे अमरावतीतही सांगावं लागतं. तिथे रोग्यांनी भीक मागायची नाही, शेती आणि कारागिरी करायची, हा दंडक.

असं सगळं करून माणसाला बरंही वाटतं. जेम्स आंद्रेओनी या अर्थशास्त्रज्ञानं १९९०मध्ये देणाऱ्याच्या या सुखाचाही हिशेब मांडला, आणि लगेच शंका निघते: मग हा स्वार्थच की! मला ही शंका पोरकट वाटते. आग्रहानं पुरणपोळी वाढताना आजीचा चेहरा फुलतो म्हणून आजी स्वार्थी? शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात पांढऱ्या टोपीतले सेवेकरी भेटतील. येणाऱ्याला 'माउली' म्हणतात, उष्ट्या ताटल्या उचलतात, चपला लावून ठेवतात. पगार नाही. सेवेसाठी गावोगावच्या लोकांची यादी असते आणि पाळी यायला थांबावं लागतं. काम फुकट, आणि त्यासाठी रांग! गावाकडे जो स्वतःच्या ताटावरून उठून नुसता हात धुवायला जातो, तो इथे तीनशे ताटं उचलतो. माणूस तोच, मांडणी वेगळी. काम हातापुरतं, पहिला माणूस आधीच कामाला लागलेला, उशीर होण्याची भीती नाही.

मांडणीनं न सुटणारी गोष्टही आहे. अचलपूर तालुक्यातलं वझ्झर. तिथल्या अंबादासपंत वैद्य बालगृहात शंकरबाबा पापळकर शंभरावर बेवारस दिव्यांग मुलांचे बाप झाले आहेत. हे मी अलंकारानं म्हणत नाही. मुलांच्या कागदपत्रांवर वडिलांच्या रकान्यात त्यांचंच नाव आहे. एके काळी लाँड्रीत राबलेला, गाडगेबाबांच्या नादानं 'देवकीनंदन गोपाला' हे मासिक काढणारा हा माणूस. हॅमिल्टन म्हणतात, नातं असतं म्हणून मदत होते. वझ्झरला मदत आधी झाली आणि नातं मागून कागदावर चढलं. इथे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली. शंकरबाबांनी मुलींची लग्नंही लावून दिली.

२०२४ची पद्मश्री त्यांना मिळाली, सत्कार झाले. त्यांची मागणी मात्र सत्काराची नाही. नियमानं बालगृहातलं मूल १८ वर्षांचं झालं की त्याला बाहेर पडावं लागतं. ज्याला दिसत नाही, बोलता येत नाही, स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्यानं वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कुठे जायचं? अशा मुलांना आयुष्यभर त्याच घरात राहू देणारा कायदा देशभर करा, असं शंकरबाबा वर्षानुवर्षं सांगत आहेत. परतवाड्याला गेलात तर वझ्झर तिथून जवळ आहे. जाताना फळं-मिठाई न्या, नेऊ नका, तुमची मर्जी. तुमच्या भागातल्या आमदार-खासदारांना या कायद्याचं काय झालं ते मात्र विचारा.