दोन जन्मतारखा आणि एक तर्कशास्त्र

आम्हांस दोन जन्मतारखा आहेत. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे आणि वडिलांनी करवून ठेवलेल्या पत्रिकेत श्रावण वद्य पंचमी आहे. शाळेत नाव घालावयास नेले त्या दिवशी आमचे वय नियमात बसत नव्हते, म्हणून सोयीची तारीख लिहिली गेली. आमच्या पिढीतील पुष्कळ वाचकांच्या घरी हाच प्रकार झाला असेल, तेव्हा त्यात नवल सांगण्यासारखे काही नाही. सेवानिवृत्ती दाखल्याप्रमाणे झाली, साठीची शांत पत्रिकेप्रमाणे झाली. दोन्ही कार्ये यथासांग पार पडली व यात काही अडचण आहे असे इतक्या वर्षांत आम्हांस वाटलेही नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत पुतण्याची कन्या घरी आली होती. ती महाविद्यालयात गणित शिकते. फराळाच्या वेळी हा तारखांचा विषय निघाला, तेव्हा ती गंभीर मुद्रेने म्हणाली, "आजोबा, तुमचे हे दोन्ही कागद खरे धरले, तर चंद्र गुळाचा आहे हे मी सिद्ध करून देते." घरातील सर्व मंडळी हसली. परंतु तिने कागद मागितला आणि खरोखरच सिद्ध करून दिले.

'आजोबांचा जन्म १ जूनचा आहे' हे दाखल्यावरून खरे. मग 'आजोबांचा जन्म १ जूनचा आहे, किंवा चंद्र गुळाचा आहे' हे जोडवाक्यही खरेच. कारण 'किंवा'ने जोडलेल्या दोहोंपैकी एक खरे असले म्हणजे पुरे. आता पत्रिका सांगते की जन्म १ जूनचा नव्हे. म्हणजे जोडवाक्यातील पहिला पक्ष गेला. वाक्य तर आधीच खरे ठरलेले. तस्मात् दुसरा पक्ष खरा. चंद्र गुळाचा आहे.

आम्ही ज्या शास्त्रीबोवांपाशी तर्कसंग्रह शिकलो, त्यांचे स्मरण करून यातील हेत्वाभास शोधण्यात आमची अर्धी रात्र गेली. हेत्वाभास सापडला नाही. यातील प्रत्येक पायरी आपण नित्य वापरतो. घरात हरवलेली किल्ली फडताळात नाही म्हणजे खुंटीवर असली पाहिजे, हे अनुमान याच जातीचे. ही युक्ती बाराव्या शतकातील पॅरिसच्या पंडितांस ठाऊक होती आणि आजही पाठ्यपुस्तकांतील तर्कशास्त्र ती निमूटपणे मान्य करते. तिचा अर्थ असा की, ज्ञानाच्या कोठारात एक जरी परस्परविरोधी जोडी शिरली, तर त्या कोठारातून वाटेल ते विधान बाहेर काढता येते. मग खऱ्याखोट्याचा भेदच उरला नाही.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. शिक्षकी पेशात असताना आम्ही हाच नियम कठोरपणे चालवीत असू. एका विद्यार्थ्याने उदाहरणात एक राशी पहिल्या ओळीत एक धरली, चौथ्या ओळीत दुसरीच धरली आणि उत्तर मात्र अचूक काढले. आम्ही त्यास शून्य गुण दिले व वर्गापुढे सांगितले की, ज्याच्या बोलण्यात विरोध आहे त्याच्या कोणत्याच बोलण्यास किंमत नाही. मुलगा काही बोलला नाही. नातीने सुटी संपण्यापूर्वी आम्हांस जे दाखविले, त्यावरून असे दिसते की तोच न्याय लावला असता तर न्यूटनासही आमच्या वर्गात शून्यच मिळाले असते.

मराठीत बाळशास्त्री जांभेकरांनी 'शून्यलब्धिगणित' या नावाचे पुस्तक लिहिले. त्या नावातच सर्व गोम आहे. न्यूटन व लायब्निट्स यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गणित उभारले. त्याची रीत एका साध्या उदाहरणाने सांगतो. उंचावरून सोडलेला धोंडा पहिल्या काही सेकंदांत, सेकंदांच्या वर्गाच्या सुमारे पाचपट मीटर खाली येतो. म्हणजे दोन सेकंदांत वीस मीटर. बरोबर दोन सेकंद झाले त्या क्षणी त्याचा वेग किती? क्षणात तर धोंडा हलतच नाही. म्हणून न्यूटन एक अत्यंत लहान काळ घेतो. त्यास आपण 'क्ष' म्हणू. दोन अधिक क्ष सेकंदांत अंतर होते वीस, अधिक वीस क्ष, अधिक पाच क्षवर्ग. त्यातून पहिले वीस मीटर वजा करून बाकीस क्षने भागले, की उरते वीस अधिक पाच क्ष. आता क्ष काहीच नाही असे समजून तो टाकून द्यावयाचा. वेग सेकंदास वीस मीटर. उत्तर अगदी बरोबर.

परंतु वाचकहो, भागाकार करतेवेळी क्ष शून्य नव्हता, कारण शून्याने भागता येत नाही; आणि टाकून देतेवेळी तोच क्ष शून्य झाला. एकाच उदाहरणात एकच राशी शून्य आहे आणि शून्य नाही! आमच्या त्या विद्यार्थ्याने याहून वेगळे काय केले होते?

हे तेव्हाच्या लोकांच्या ध्यानात आले नाही असे मुळीच नाही. आयर्लंडातील क्लॉइन येथील बिशप जॉर्ज बर्कली याने १७३४ साली 'दि ॲनालिस्ट' नावाचा ग्रंथ लिहून या रीतीची यथेच्छ टर उडविली. त्याचा आक्षेप बिनतोड होता. एक गृहीत धरून काही मिळवावयाचे, आणि ते पदरात पडताच मूळ गृहीत सोडून देऊन मिळकत मात्र ठेवून घ्यावयाची, ही कोणती नीती? धर्मातील गूढ तत्त्वांस हसणाऱ्या गणितज्ञांनी आधी आपल्या घरातील हे गूढ पाहावे, असा त्याचा रोख होता. उत्तरे बरोबर येतात हे त्यासही मान्य होते. म्हणूनच तो अधिक चिडला असावा.

आणि गणितज्ञांनी काय केले? काहींनी उत्तरे दिली, ती फारशी पटण्याजोगी नव्हती. बहुतेकांनी काम चालू ठेवले. त्या कामाचे मोल पहा. हॅलेचा धूमकेतू पुनः केव्हा येणार, याचे गणित क्लेरो याने लालांद व निकोल-रेन लपोत या विदुषीच्या साहाय्याने केले, आणि तो एप्रिल १७५९ च्या मध्यास सूर्याच्या अगदी निकट येईल, महिनाभर इकडेतिकडे होईल, असे १७५८ च्या नोव्हेंबरात जाहीर केले. धूमकेतू १३ मार्च १७५९ रोजी तेथे पोहोचला. पाऊणशे वर्षांहून अधिक काळाच्या फेऱ्यात चूक पडली सुमारे एका महिन्याची. आणि हे सारे त्या क्षच्या जोरावर, जो शून्य आहे आणि नाही. कोणाही गणितज्ञाने त्या विरोधातून चंद्र गुळाचा असल्याचे सिद्ध केले नाही. पुढे कोशी याने १८२१ साली आणि त्यानंतर वायरस्ट्रास याने 'मर्यादा' या कल्पनेच्या आधाराने पाया नीट बांधला व क्षची हकालपट्टी केली. गंमत अशी की, अब्राहम रॉबिन्सन याने १९६६ सालच्या ग्रंथात त्या हद्दपार केलेल्या सूक्ष्म राशींस पुनः सन्मानाने घरात आणून बसविले. यावेळी विरोध शिल्लक न ठेवता. पण हे सर्व मागाहून. मधली सव्वाशे-दीडशे वर्षे गणित विरोधाच्या मांडीस मांडी लावून बसले होते.

हा एकच प्रसंग असता तर आम्ही अपवाद म्हणून सोडून दिला असता. परंतु १९१३ साली नील्स बोर याने अणूचे जे चित्र काढले, त्यातही हेच आढळते. मॅक्सवेलच्या विद्युत्शास्त्राप्रमाणे अणुगर्भाभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने सतत प्रकाश बाहेर टाकीत निमिषार्धात गर्भात कोसळावे. बोर म्हणाला, ठराविक कक्षांत तो मुळीच कोसळत नाही. बरे, मग जुने शास्त्र सोडावे, तर तेही नाही. त्या कक्षांचे आकार व शक्ती मोजण्यास त्याने जुन्याच शास्त्राचे नियम घेतले, आणि एका कक्षेतून दुसरीत उडी मारताना मात्र ते नियम दाराबाहेर ठेवले. या जोडकामातून हायड्रोजनच्या प्रकाशरेषांचे सूत्र आपोआप निघाले. ते सूत्र १८८५ साली योहान बाल्मर याने नुसत्या आकड्यांकडे पाहून बसविले होते. हा बाल्मर स्वित्झर्लंडातील बाझल येथे मुलींच्या शाळेत गणित शिकवीत असे व त्या वेळी त्याचे वय साठ होते, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंसाठी येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

बोरच्या चित्रावर फाउलर या इंग्रज शास्त्रज्ञाने हरकत घेतली. काही रेषा बोरने हीलियमच्या म्हणून सांगितल्या होत्या. त्यांचे हायड्रोजनशी गुणोत्तर त्याच्या मते चार असावयास हवे, मोजमापात आले ४.००१६. फरक अत्यल्प, पण मोजमाप त्याहून सूक्ष्म होते. बोरने उत्तर दिले की, गर्भही किंचित हलतो हे हिशेबात धरले म्हणजे आकडा ४.००१६३ येतो. विरोधाच्या पायावर उभारलेल्या इमारतीने चौथ्या-पाचव्या दशांशस्थळापर्यंत साथ द्यावी, हे वाचून आम्ही चष्मा पुसला. १९२५-२६ साली हायझेनबर्ग व श्रोडिंगर यांनी नवे शास्त्र रचले व बोरचे चित्र मागे पडले. तोपर्यंत १९२२ चे नोबेल पारितोषिक त्यास मिळून गेले होते.

सर्वच विरोध असे गोड निघतात असे मात्र समजू नये. जर्मन पंडित फ्रेगे याने अंकगणिताचा पाया केवळ तर्कावर बांधण्यात आयुष्य वेचले. दुसरा खंड छापखान्यात असता १६ जून १९०२ च्या पत्रात बर्ट्रांड रसेल याने त्याच्या तत्त्वांतून निघणारा एक विरोध दाखविला. फ्रेगेने प्रामाणिकपणे तो परिशिष्टात छापला. परंतु इमारत सावरली नाही. ज्या ग्रंथाचे प्रयोजनच निःसंशय पाया घालणे हे, त्यास विरोध परवडत नाही. न्यूटनास वेग हवा होता, तो मिळाला.

मग तर्कशास्त्रानेच आपली वही तपासून पाहावी, असे काही जणांस वाटले. पोलंडातील यास्कोव्स्की याने १९४८ साली जो विचार मांडला, तो एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांस ताबडतोब समजेल. चर्चेत प्रत्येक जण आपल्यापुरते सुसंगत बोलतो. थोरले म्हणतात आंबराई विकावी, धाकटे म्हणतात विकू नये. बैठकीत दोन्ही मते मांडली गेली, हे खरे. पण म्हणून 'विकावी आणि विकू नये' असे मत कोणाचेच नाही, आणि त्यातून वाटेल तो निष्कर्ष काढण्याचा अधिकारही कोणास नाही. १९६३ साली ब्राझीलमध्ये न्यूटन दा कोस्ता (नावाचा योगायोग!) याने विरोध सहन करणाऱ्या तर्कपद्धतींची मालिकाच रचली. पेरू देशाच्या मिरो केसादा याने १९७६ साली या शास्त्रास 'पॅराकन्सिस्टंट' हे नाव दिले. आम्ही त्यास विरोधसहिष्णु तर्कशास्त्र म्हणू. यात बहुधा त्या 'किंवा'च्या पायरीवरच अंकुश असतो. ज्या विधानाच्या दोन्ही बाजू नोंदल्या गेल्या आहेत, त्याची एक बाजू दाखवून जोडवाक्यातला दुसरा पक्ष सिद्ध करू देत नाहीत. नुएल बेल्नॅप याने १९७७ साली यंत्रासाठी असाच नियम सुचविला: एखाद्या गोष्टीविषयी यंत्रास 'हो' सांगितले असेल, 'नाही' सांगितले असेल, दोन्ही सांगितले असेल किंवा काहीच सांगितले नसेल, चारही नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. आमच्या दोन तारखा एका यंत्रात शिरल्या, तरी त्यायोगे शेजाऱ्याची जन्मतारीख बिघडू नये, एवढाच त्याचा हेतू.

ब्रायसन ब्राउन व ग्रॅहम प्रीस्ट यांनी तर २००४ साली त्या जुन्या शून्यलब्धीचीच उकल केली. गणित दोन खोल्यांत चालते असे समजावे. पहिल्या खोलीत क्ष शून्य नाही. तेथे भागाकार होतो. दुसऱ्या खोलीत क्ष शून्य आहे. पहिल्या खोलीतून दुसरीत फक्त भागाकाराचे उत्तर झिरपते, बाकी काही नाही. दाराशी हा पहारा असल्यामुळे गुळाचा चंद्र जन्मास येत नाही. हे वाचताच आमच्या डोळ्यांपुढे निवृत्तिवेतनाची फाइल व देवघरातील पत्रिका अशा दोन खोल्या उभ्या राहिल्या.

संस्कृताच्या अध्यापकास येथे पाणिनीची आठवण न होणे अशक्य. 'राम' शब्दापुढे 'भ्यस्' प्रत्यय आला, की एक सूत्र अंत्य अकाराचा 'आ' करा म्हणते, लगतचे दुसरे 'ए' करा म्हणते. दोहोंचा अधिकार आहे. अष्टाध्यायीत यासाठी स्वतंत्र सूत्रच आहे की, तुल्यबल नियमांचा असा झगडा झाल्यास पुढचा मानावा, म्हणून 'रामेभ्यः'. व्याकरण कोसळत नाही. तथापि हे सर्व आपल्या पूर्वजांस आधीच ठाऊक होते असा ढोल आम्ही बडवू इच्छीत नाही. पाणिनीचे नियम आज्ञा आहेत, विधाने नव्हेत. आज्ञांच्या भांडणात एकीस थांबविता येते, सत्याच्या भांडणात तसे करता येत नाही.

प्रीस्ट महाशय याही पुढे जाऊन म्हणतात की, काही विरोध प्रत्यक्ष सत्यच असतात. 'हे वाक्य खोटे आहे' हे वाक्य त्यांचे आवडते उदाहरण. तेथे आम्ही त्यांची संगत सोडतो. आमचा जन्म एकदाच झाला आणि तो दोन्ही दिवशी झाला नाही. उलट पक्षी, पीटर व्हिकर्स यांनी २०१३ सालच्या ग्रंथात असे प्रतिपादिले आहे की, या जुन्या प्रसंगांत शास्त्रज्ञ खरोखर विरोधी विधानांवर विश्वास ठेवून चालले होते असे सरसकट म्हणता येत नाही. प्रत्येकाने नेमके काय मानले, हे वेगवेगळे तपासावे लागते. हे आम्हांस अधिक पटते. बोर आपल्या चित्रातील भेग झाकीत नव्हता. ती कोठे आहे, हे तोच प्रथम सांगत होता.

त्या विद्यार्थ्याच्या वहीत अशी भेग दाखविलेली होती की नकळत पडलेली होती, हे आम्ही त्या वेळी विचारावयास हवे होते. विचारले नाही. नातीस हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, निदान पायरीचे गुण तरी द्यायचे होते!"

यंदा १ जूनच्या सकाळी आमच्या बँकेचा शुभेच्छांचा संदेश आला. नातीने तो मोठ्याने वाचून दाखविला. पेढे मात्र घरातील मंडळींनी श्रावणापर्यंत राखून ठेवले.