नंबर भिंतीवर, फोन नवऱ्याच्या खिशात

अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारचं ३१,६२८ कोटींचं पॅकेज ७ ऑक्टोबर २०२५ला जाहीर झालं. तीन दिवसांनी जागतिक मानसिक आरोग्य दिन आला आणि दिल्लीत ‘टेलि-मानस’ या केंद्राच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या ॲपला नवा साज चढला: दहा प्रादेशिक भाषा, ‘अस्मी’ नावाचा चॅटबॉट, शिवाय मानसिक आरोग्य दूत म्हणून दीपिका पदुकोण. पॅकेजच्या आकड्याचा पारावर कीस पडला. दुसरी बातमी बहुतेकांनी दीपिकाची म्हणून वाचली आणि पान उलटलं. सोयाबीन काळं पडलेल्या घराला खरं तर दोन्हींची गरज होती.

वाशीम-रिसोड रस्त्यावरच्या रिठदसारख्या गावात ही दुसरी मदत पोचते कशी? टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येतं, बटणांच्या साध्या फोनवरूनही लागतो. २०२२च्या ऑक्टोबरपासून देशभरातून वीस लाखांहून जास्त फोन तिथे आले. कागदावर नाव ठेवायला जागा नाही. अडतं ते घरात. दोन खोल्या, पुढच्या खोलीत सासरा, मागे चुलीपाशी सासू. अर्धा तास रडत बोलायचं कुठे? आणि मुळात फोन कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या बाया देशात ५४ टक्के निघाल्या. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया ३३ टक्के, पुरुष ५७. अस्मी कितीही गोड बोलो, ती राहणार नवऱ्याच्या फोनमध्ये, आणि तिच्याशी झालेलं बोलणं तोही वाचणार.

पुरुषाचं दुखणं वेगळं. फोन त्याच्याच खिशात असतो, पण वसुलीवाल्यांच्या धाकाने तो अनोळखी नंबर उचलायचाच सोडून देतो. अशा माणसाने आपण होऊन एका अनोळखी नंबरवर फोन लावावा आणि मन मोकळं करावं, ही अपेक्षा ज्याने केली त्याला कर्जाचा हप्ता चुकल्याचा अनुभव नसावा.

म्हणूनच मला ॲपपेक्षा शेजारच्या अमरावतीतला एक जुना प्रयोग मोलाचा वाटतो. ‘विश्राम’ हे त्याचं नाव. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस गावांत तो राबवला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं, त्यांनी घरोघरी जाऊन बोलणं काढलं, ज्याला गरज त्याला समुपदेशकाकडे नेलं, आणि त्याहून जास्त लागलं तरच डॉक्टर. उदास असलेल्यांपैकी आधी जेमतेम ४.३ टक्के लोक कुणाकडे मदतीला जात. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२वरून २.५ टक्क्यांवर आलं. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त हे छापून आलं. तुलनेला दुसरी गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रयोगालाच द्यावं का, हा प्रश्न उरतोच. तरी वऱ्हाडातला माणूस बोलत नाही, ही समजूत या आकड्यांनी खोटी पाडली. तो बोलतो, फक्त ओळखीचं कुणी दारात यावं लागतं.

वाशीमला अशा कामाची तोंडओळख आहे. २०१५ साली शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांसाठी मानसिक आरोग्याचा ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, त्यात वाशीम होतं. तेव्हाही हेल्पलाइन होती, १०४. आणि तेव्हाही घरोघरी जायचं काम आशाताईंच्या गळ्यात पडलं होतं.

आजही त्या जातातच. तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म आशाताई भरतात, त्यात बीपी, शुगर, तंबाखूच्या सोबत शेवटाकडे दोन प्रश्न मनाचे आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागेनासं झालंय का, आणि उदास, हताश वाटतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज तीनच्या वर गेली तर उपकेंद्राकडे पाठवायचं. प्रश्न चांगले आहेत, विचारायची जागा वाईट. ओसरीवर, चहाचा कप हातात, सासू बाजूला तूर निवडत बसलेली. अशा वेळी सून काय सांगणार? ‘सगळं बरं आहे ताई.’ शून्य, शून्य, पुढचं घर.

या दोन प्रश्नांपाशीच डिजिटल मदतीचा खरा उपयोग आहे. आशाताईने त्या सुनेला बीपी मोजायच्या निमित्ताने उपकेंद्रात बोलवावं. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतो, सरकारी टॅब असतो, दार लावता येतं. १४४१६ तिथून लावून द्यावा आणि आपण बाहेर बसावं. नाशिककडच्या ‘आत्मीयता’ या मानसिक आरोग्याच्या उपक्रमात गावातले स्वयंसेवक स्वतःच्या हातातल्या स्मार्टफोनवर मराठी लघुपट दाखवत आणि मग बोलतं करत. तिथे फोन हे निमित्त होतं, माणूस समोर होता.

अर्थात हे आणखी एक काम आशाताईंच्या डोक्यावर फुकट टाकायचं नाही. मोबदल्यासाठी त्यांना मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं, त्याला फार दिवस झालेले नाहीत. एका सुनेला उपकेंद्रात नेऊन बसवल्याचे पैसे कुठल्या शीर्षाखाली द्यायचे, ते आधी ठरवा. सरकारचा हात तर आधीच आखडता आहे: केंद्राने टेलि-मानससाठी २०२३-२४च्या अर्थसंकल्पात सुमारे १३४ कोटी धरले होते, पुढच्या वर्षी ९०, आणि २०२५-२६मध्ये ८०च्या आसपास. फोन वाढले, पैसा आटला, आणि त्याच वर्षी चॅटबॉट आला.