बंडखोरांच्या गाण्यांतून इंग्लंडचा इतिहास

इंग्लंडमधील ‘चंबावंबा’ या पंक गटाने १९८८ मध्ये ‘इंग्लिश रिबेल साँग्ज १३८१–१९१४’ हा अल्बम प्रसिद्ध केला. गिटारचा गदारोळ बाजूला ठेवून, प्रामुख्याने समूहस्वरांत गायलेल्या या लोकगीतांत राजे नव्हे, तर भूमिहीन, विणकर आणि खाणकामगार बोलतात. शीर्षकातील १३८१ हे वर्ष डोईपट्टीविरुद्धच्या शेतकरी उठावाचे. तो उठाव चिरडला गेला. प्रश्न मात्र संपला नाही. अल्बम आला त्याच वर्षी थॅचर सरकारने पुन्हा दरडोई कराचा कायदा संमत केला. १९९० मध्ये त्याविरुद्ध लंडनमध्ये दंगल उसळली आणि १९९३ मध्ये तो कर रद्द झाला. २००३ मध्ये गटाने ही गीते नव्याने ध्वनिमुद्रित केली, तेव्हा शीर्षक खाणकामगारांच्या संपापर्यंत, म्हणजे १९८४ पर्यंत, वाढवण्यात आले.